पाचशे किलोंची मोटार

दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, दारे असलीच तर कापडाची, आणि गाडीचे एकूण वजन पाचशे-साडेपाचशे किलो. कारखान्याने सुटे भाग द्यायचे आणि मालकाने ते घरी जोडायचे, अशा रीतीने तयार होणारी ही हलकी उघडी स्पोर्ट्‌स कार. आजची छोटी मोटारसुद्धा सातशे-आठशे किलोंच्या खाली क्वचितच येते. या गाडीचे सगळे गुण आणि बहुतेक दोष तिच्या वजनातून निघतात.

हलक्या गाडीला मोठे इंजिन लागत नाही. मारुती ओम्नीचे 796 सीसीचे इंजिन सुमारे 35 अश्वशक्ती देते आणि गाडी भरते सुमारे 785 किलो. म्हणजे दर टनामागे 45 अश्वशक्ती. तेच इंजिन, त्याला हातही न लावता, पाचशे किलोंच्या गाडीत बसवले की हा आकडा 70 होतो. फायदा एवढ्यावर थांबत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत जाते आणि ती वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून लहान ब्रेक पुरतात. ब्रेक लहान झाले की चाकापाशी वजन कमी होते, मग स्प्रिंग नरम चालते, टायर अरुंद चालतो, पेट्रोलची टाकी लहान चालते. एका जागी वाचवलेला किलो दुसऱ्या जागी आणखी काही वाचवतो. उलट दिशेनेही हेच खरे आहे, आणि हौशी माणसाची गाडी बहुधा त्या उलट दिशेनेच जाते.

या प्रकाराला रूप दिले ते कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरने. त्याच्या लोटस कंपनीची मार्क सिक्स ही मोटार 1952 पासून सुट्या भागांत मिळत असे. 1957 मध्ये लोटस सेव्हन आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचे 1172 सीसीचे, जेमतेम 40 अश्वशक्तीचे इंजिन होते. सुटे भाग विकण्यामागे हौसेइतकाच हिशेबही होता. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर बसे, सुट्या भागांवर बसत नसे. जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाईल म्हणून कंपनीने गाडी खोलण्याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचत गाडी जोडली, असा किस्सा हौशी मंडळींत नेहमी सांगतात. 1973 मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्याला दिले. कॅटरहॅम सेव्हन अजून बनते आणि ब्रिटनमध्ये अजूनही सुट्या भागांत मिळते.

सुटे भाग विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक आले. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बनवा, असे त्याच्या नावातच म्हटले होते. जुनी फोर्ड एस्कॉर्ट विकत घ्यायची, तिचे इंजिन, गिअर बॉक्स, मागचा एक्सल, स्टेअरिंग आणि ब्रेक काढायचे, आणि बाजारातल्या चौकोनी पाइपांतून चेसिस स्वतः जोडायची, ही त्याची रीत. अशा गाड्यांना लोकॉस्ट हे नाव पडले. भाग देणारी जुनी गाडी जिथे भंगारात मिळते तिथे ही रीत चालते, म्हणून ती इंग्लंडबाहेरही पसरली.

महाराष्ट्राला सुट्या भागांची मोटार नवी नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. महिंद्रा कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलिस जीप जोडायला घेतली, तेव्हा भाग अमेरिकेहून पेट्यांत येत. जीप स्पोर्ट्‌स कार नव्हे आणि वजनाने टनाच्या आसपास आहे. पण टप काढता येणारी, पाना-स्क्रू ड्रायव्हरने सगळी खोलता येणारी मोटार म्हणून मराठी माणसाच्या ओळखीची पहिली गाडी तीच.

खऱ्या अर्थाने हलकी आणि घरची गाडी इचलकरंजीत झाली. शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 मध्ये मीरा नावाची छोटी मोटार बनवली आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. इंजिन मागच्या बाजूला होते आणि पोलादी पाट्यांऐवजी सस्पेन्शनला रबर वापरले होते. गाडी रस्त्यावर चालली, पण सत्तरच्या दशकातही उत्पादन उभे राहिले नाही. 2008 मध्ये टाटांची नॅनो आली तेव्हा मीराची आठवण पुन्हा निघाली. तोवर उशीर झाला होता.

गोव्यात हे धाडस कारखान्याच्या पातळीवर झाले. सॅन मोटर्सने 1998 च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची, कापडी टपाची मोटार काढली. आराखडा फ्रान्सच्या ल माँ ग्रूपचा, इंजिन रेनोचे 1149 सीसीचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे, बॉडी फायबरची. जोडणी वेर्ण्याला होई. गाड्या थोड्याच विकल्या गेल्या. ऊन, धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या देशात दोन माणसांची मोटार ही घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते, आणि त्या काळी बहुतेक घरांत पहिलीच नव्हती.

अलीकडचे एक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातल्या भागांतून जीपच्या आकाराची छोटी उघडी गाडी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर 2021 मध्ये महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली आणि त्याच दमात लिहिले की नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ही अदलाबदल झाली. बनवणे आणि रस्त्यावर आणणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते या एका व्यवहारात पुरते दिसते.

बनवण्यापुरते बोलायचे तर जालना जिल्ह्यातल्या अंबडसारख्या तालुक्याच्या गावी यातले बरेच काम होऊ शकते. उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रे, वखर, पाण्याचे टँकर जोडणारी फॅब्रिकेशनची दुकाने, ट्रॅक्टरची गॅरेजे, लेथवाले आणि डेंटिंग-पेंटिंगवाले या भागात आहेतच. जालना पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. मात्र तिथल्या भट्ट्यांतून भंगार वितळवून मुख्यतः बांधकामाची सळई निघते. चेसिसला लागतो तो 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप, भिंतीची जाडी दीड ते दोन मिलिमीटर. तो खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्याकडेही मिळतो, पण ग्रिलचा पाइप बहुधा याहून पातळ असतो, म्हणून व्हर्नियर लावून मोजूनच घ्यावा.

चेसिसचे तत्त्व सोपे आहे. पाइपांचा नुसता चौकोन कोपऱ्यातून दाबला की कलतो. त्यात तिरका पाइप घातला की दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण बाजू वाकल्याशिवाय कलत नाही. म्हणून सेव्हनसारख्या गाडीची चेसिस ही त्रिकोणांची लांबट पेटी असते. इंजिन काढता यावे म्हणून वरचा भाग आणि माणसाने आत बसावे म्हणून मधला भाग उघडा ठेवावा लागतो, आणि या दोन्ही जागी ती कमजोर पडते. मधला बोगदा, ज्यातून प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो, तो म्हणूनच नीट बांधायचा असतो. चेसिस पिळवटली तर चाकांचे कोन वळणावर बदलतात आणि सस्पेन्शनची सगळी मेहनत वाया जाते.

इथे ट्रॉली बनवणाऱ्याचा हात आडवा येतो. ट्रॉलीत जाड अँगल, जाड चॅनेल आणि सांध्यावर पट्टी, हेच शहाणपण असते, कारण तिच्यावर कित्येक टन ऊस लादला जाणार असतो. तोच कारागीर हलक्या गाडीला हात लावतो तेव्हा प्रत्येक सांध्यावर “मजबुतीसाठी” एक पट्टी मारतो, तळाला तीन मिलिमीटरचा पत्रा ठोकतो आणि पाचशेची गाडी सातशेवर नेतो. हौशी गाड्या फसतात त्या बहुतेक इथेच; मोडल्यामुळे फसलेल्या फार थोड्या. यावर उपाय म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याला वजन करणे. चारही चाकांखाली धान्याचे काटे ठेवले तरी पुढचे-मागचे वजन कळते. गावाबाहेरच्या मोठ्या वजनकाट्यावर इतका बारीक फरक समजत नाही.

वेल्डिंग करताना आधी सगळ्या सांध्यांना फक्त टाके मारायचे, कर्णांची लांबी मोजून चेसिस काटकोनात आहे याची खात्री करायची, आणि मग एकदा या कोपऱ्यात, एकदा समोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे पक्के वेल्डिंग करायचे. एका बाजूने सरळ ओढत गेले की धातू आक्रसतो आणि चेसिस केळ्यासारखी वाकते. रॉडच्या साध्या मशीनने दीड मिलिमीटरच्या पाइपाला भोक पडण्याचा संभव जास्त. सीओ-टू वेल्डिंग, म्हणजे तार आणि वायूचे मशीन, यासाठी बरे.

भाग देणारी गाडी निवडताना मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी शोधावी. जुनी ओम्नी, ईको आणि जिप्सी या तिन्हींत इंजिन पुढच्या अंगाला आणि मागे सरळ एक्सल असतो. त्यांचे सुटे भाग जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला सहज मिळतात. मारुती 800 आणि अल्टो पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचे इंजिन-गिअर बॉक्स चाकांसकट उचलून सीटमागे बसवता येते; मग जे टाय रॉड पूर्वी स्टेअरिंगला जोडलेले होते ते चेसिसला पक्के बांधावे लागतात, नाहीतर मागची चाके आपल्या मर्जीने वळू लागतात. ब्रेकच्या बाबतीतही मूळ गाडीचा समतोल जसाच्या तसा चालत नाही. हलक्या गाडीची मागची चाके जोरात ब्रेक लावताच आधी जाम होतात आणि गाडी फिरते. मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो रिकाम्या मैदानावर जुळवून घ्यावा लागतो.

बॉडीत फार अवघड काही नाही. बाजूंना एक-सव्वा मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पॉप रिव्हेटने बसतो. बॉनेटचे नाक आणि मडगार्ड वळणदार असल्याने फायबरचे करतात. साच्याला मेण लावून त्यावर जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर, असा क्रम. रेझिन कडक व्हायला हार्डनर घालतात आणि मराठवाड्यात खरी अडचण तिथे येते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना नेहमीच्या मापाने हार्डनर घातला तर रेझिन ब्रशसकट भांड्यातच बसते. काम पहाटे करावे, मिश्रण थोडे थोडे कालवावे आणि हार्डनर मापाच्या खालच्या टोकाला ठेवावा. पावसाळी हवेत दमट मॅट रेझिन नीट पीत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार सार्वजनिक जागी चालणाऱ्या प्रत्येक मोटारीची नोंदणी लागते. ती मिळण्यासाठी गाडीच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली मान्यता हवी, आणि त्या चाचण्या पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या ठरावीक संस्थाच करतात. हा सगळा खटाटोप कारखानदारासाठी आखलेला आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या घरगुती गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. तशी हौशी माणसाला परवडणारी वाट भारतात नाही. जुन्या ओम्नीच्या कागदांवर नवी गाडी चालवण्याची पळवाट तर मुळीच नाही. कलम 52 नुसार नोंदणीपत्रातल्या, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्या, तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. पण एका माणसाच्या एका गाडीला आणि लाखभर गाड्या काढणाऱ्या कारखान्याला एकच दार ठेवणे हा नियम नसून आळस आहे.

तरी काही दारे उघडी आहेत. पहिले, महाविद्यालयाचे. एसएई इंडिया ही वाहन-इंजिनिअरांची संस्था 2007 पासून बाहा स्पर्धा घेते. विद्यार्थ्यांनी वर्षभरात एका चालकाची उघडी, पाइपांच्या पिंजऱ्याची गाडी बनवायची आणि खडबडीत मार्गावर चालवायची. इंदूरजवळचे पिथमपूर हे या स्पर्धेचे जुने ठिकाण. पिंजऱ्याच्या मुख्य पाइपाचा व्यास आणि जाडी, पोलादातले कार्बनचे किमान 0.18 टक्के प्रमाण, पट्टे सोडून चालकाने पाच सेकंदांत बाहेर पडणे, हे सगळे तपासल्याशिवाय गाडी मार्गावर जात नाही. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते आणि तिच्यात बऱ्याच गाड्या अर्ध्यावर बसतात. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांचा या स्पर्धेत दबदबा आहे. ज्याला हे काम मनापासून शिकायचे आहे त्याच्यासाठी याहून चांगली शाळा देशात नाही.

दुसरे दार बंदिस्त आवाराचे. फक्त कारखान्यात किंवा बंद आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळले आहे. शेताच्या कुंपणाच्या आत किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारी गाडी ट्रकवर लादून न्यायची, स्वतः रस्त्यावर आणायची नाही, एवढे पथ्य पाळायचे.

तिसरे आणि सर्वांत व्यवहार्य दार म्हणजे आधीच नोंदलेली उघडी गाडी घेऊन ती मूळ रूपात दुरुस्त करणे. जुनी विलिस किंवा महिंद्रा जीप आणि कापडी टपाची जिप्सी या अजून मिळतात. जीप पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर 2021 च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. म्हणजे बाजारू रुंद टायर, कापलेली बॉडी आणि डिझेलचे दुसरेच इंजिन हे सगळे आधी काढून टाकावे लागते. या भागातल्या जुन्या जीपांवर हे तिन्ही प्रकार सर्रास झालेले दिसतात.

उघड्या गाडीची दुरुस्ती बंद गाडीपेक्षा वेगळी असते ती पाण्यामुळे. पाऊस आत येणारच, तो बाहेर जाण्याची सोय हवी. तळाला निचऱ्याची भोके असतात. ती काळ्या मातीने बुजतात आणि मग सीटखालचा पत्रा गंजतो. चौकोनी पाइपात आतून पाणी साचले तर बाहेरचा रंग चांगला दिसत असताना आतली भिंत खाल्ली जाते. पाइप टोचून किंवा हातोडीने ठोकून पाहणे हीच परीक्षा. वायरिंगचे निम्मे दोष अर्थिंगचे असतात: चेसिसला जोडलेल्या टोकाखाली रंग किंवा गंज असला की दिवा मिणमिणतो. हलक्या गाडीत कंप जास्त म्हणून नट सैल होतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुढे दर थोड्या दिवसांनी सस्पेन्शनचे आणि स्टेअरिंगचे सगळे नट तपासावेत. घट्ट केलेल्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवली की हलला ते नजरेला कळते. फायबरवर चांदणीसारखा बारीक तडा दिसला तर वरून पुट्टी मारून उपयोग नाही. मागून मॅट आणि रेझिनचा थर द्यावा लागतो, कारण तडा आतून आलेला असतो.

गाडी चालवण्याचे सुख हंगामाचे असते. अंबडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीची सकाळ आणि पाऊस उघडल्यावरचे दिवस ही उघड्या गाडीची वेळ. चाळीस-पन्नासच्या वेगातच वारा, इंजिन आणि रस्ता यांची जाणीव इतकी थेट होते की अधिक वेगाची गरज वाटत नाही. हलक्या गाडीची खरी मजा वेगात नसून वळणात आहे. रस्ते मात्र तिच्यासाठी केलेले नाहीत. नियमातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो, गावोगावचे त्याहून उंच आणि उभे. म्हणून जमिनीपासूनची उंची पंधरा सेंटिमीटरच्या खाली ठेवू नये, शर्यतीच्या गाडीची चित्रे कितीही मोहात पाडोत. ऊस तोडणीच्या दिवसांत याच भागात शहागड-वडीगोद्रीच्या बाजूला अंधारात दिव्याविना चालणाऱ्या ट्रॉल्या भेटतात, आणि बुटक्या गाडीत बसलेल्या माणसाचे डोके बरोबर ट्रॉलीच्या तळाच्या उंचीला येते. डोक्याच्या वर जाणारा रोल बार, पक्के पट्टे आणि डोळ्यांना चष्मा याशिवाय असल्या गाडीत बसू नये. रात्री तर बसूच नये.

ज्याला हे काम करायचे आहे त्याने चौकोनी पाइप विकत घेण्याआधी एक फेरी जालन्याच्या परिवहन कार्यालयात मारावी. घ्यायची असलेल्या जुन्या जीपचे किंवा जिप्सीचे नोंदणीपत्र, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर तिथे जुळवून पाहावेत. नंबर जुळत नसतील तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.